भोवरे जुळतात

हरिदास मेश्राम एकोणीस वर्षं घोड्यांमध्ये राहिला, पण घोड्यावर कधी बसला नाही. त्याचं काम वहीचं होतं.

मूळचा तो पेंटर. रायपूरच्या गोल बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवायचा. फ्लेक्स आले आणि पाट्यांचं काम सुटलं. त्याच सुमारास एका शेठजींनी बिलासपूर रोडवर, बीरगावच्या कारखान्यांचा धूर मागे पडतो तिथे, अरबी घोड्यांचा फार्म काढला होता. त्यांना नोंदवही ठेवायला माणूस हवा होता, आणि तो चित्र काढणारा हवा होता. शिंगरू जन्मलं की तिसऱ्या दिवशी त्याचं चित्र वहीत यायला हवं: डाव्या अंगाने, उजव्या अंगाने, समोरून. कुठे ठिपका, कुठे पट्टा, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे अंगावरच्या केसांचे भोवरे कुठे कुठे आहेत ते.

"रंगावर जाऊ नको," शेठजींनी त्याला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. पांढरे दिसणारे अरबी घोडे जन्मतात तेव्हा काळपट असतात, सात-आठ वर्षांत दुधासारखे होतात. भोवरा मात्र मरेपर्यंत जागचा हलत नाही. आणि अरबांकडे घोड्याचं घराणं आईकडून चालतं. म्हणून वहीत आधी आईचं नाव, मग आजीचं, मग पणजीचं. ही सगळी उतरंड हरिदासच्या तोंडपाठ होती.

सफीना ही घोडी त्याच्या डोळ्यांदेखत जन्मली होती. एका थंड पहाटे, कोळशाच्या रंगाची, लटपटत्या पायांची. तिची आजी शेठजींनी स्वतः जाऊन आणली होती. सकलावी घराण्याची. बशीसारखा खोलगट चेहरा, मोठे डोळे, धावताना झेंड्यासारखी उभी राहणारी शेपूट. सफीनाच्या कपाळावर एकावर एक असे दोन भोवरे होते. तिच्या पाठच्या बहिणीच्या, नूरीच्या कपाळावर एकच. बाकी दोघी इतक्या सारख्या की फार्मवर घोड्यांची निगा राखणारा सईस राकेशसुद्धा कधी कधी चुकायचा. हरिदास कधीच चुकला नाही.

शेठजी दोन वर्षांपूर्वी गेले. फार्म त्यांचा मुलगा अनिमेष सांभाळू लागला.

यंदा फेब्रुवारीत सफीनाला दुसऱ्या राज्यातल्या एका प्रदर्शनाला न्यायचं होतं. ती आठ महिन्यांची गाभण होती, पण अनिमेषला तिला मांडायचीच होती. घोडा राज्याबाहेर न्यायचा तर ग्लँडर्स नसल्याचा दाखला लागतो, म्हणून तिचं रक्त तपासायला गेलं. दहा दिवसांनी अनिमेषने हरिदासला ऑफिसात बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"काका, सफी पॉझिटिव आई है."

ग्लँडर्स म्हणजे काय हे हरिदासला माहीत होतं. नाकातून, पाण्यातून, चाऱ्यातून एका घोड्याकडून दुसऱ्याला लागणारा रोग. माणसालाही लागतो. कायद्याने त्यावर इलाज करायचा नसतो. दुसऱ्यांदा रक्त घेतात, पुन्हा तेच निघालं की सरकारी डॉक्टर येऊन जनावराला इंजेक्शन देतात आणि खोल खड्ड्यात चुना टाकून पुरतात.

"पण तिले तर काहीच नाही," हरिदास म्हणाला. "खाऊन-पिऊन राहिली, पळून राहिली."

"वही तो. लैब भी गलती करती है," अनिमेष म्हणाला. तो काही वाईट मुलगा नव्हता. त्याचे डोळे लाल झाले होते. "काका, परवा डॉक्टर दुसरं सॅम्पल घ्यायला येणार. मी नूरीला पुढे करतो. तुम्ही फक्त सांगा, हीच सफीना. वही तुमची आहे, तुमच्या शब्दाला कोणी नाही म्हणणार नाही. नूरीचं रक्त साफ निघेल, मामला खतम. ना सफी जाईल, ना नूरी. कोणाचं काय बिघडतं? बाबूजींची शेवटची घोडी आहे ती. पोटात पिल्लू आहे."

त्यात पैशाची गोष्ट निघाली नाही, आणि निघाली असती तर हरिदासला नाही म्हणणं सोपं गेलं असतं. तो बाहेर आला. सफीनाने त्याला पाहून मान कुंपणावर टाकली आणि त्याच्या शर्टाचा खिसा हुंगला. त्यात नेहमी गुळाचा खडा असायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर क्षमा आल्या. अमरावतीच्या, वयाने तिशीच्या आत, रायपूरला येऊन चार महिने झालेल्या. हातमोजे, तोंडाला मास्क, अंगावर प्लास्टिकचा झगा. घोड्याच्या मानेतली ओळखीची चिप वाचायचं यंत्र त्यांच्या दवाखान्यात बंद पडलेलं होतं, म्हणून त्यांनी वही मागितली. हरिदासने सफीनाचं पान उघडून समोर धरलं. डॉक्टरांनी चित्राकडे पाहिलं, मग घोडीकडे. नूरीच्या कपाळावर आयाळीची लांब बट पडली होती.

"किती सुंदर काढलंय हो काका," त्या म्हणाल्या. "भोवरे जुळतात ना?"

"जुळतात," हरिदास म्हणाला.

डॉक्टरांनी बट उचलून पाहिली नाही. नूरीच्या मानेतून रक्त घेतलं, बाटलीवर नंबर टाकला, हरिदासची सही घेतली आणि गेल्या.

हरिदासच्या घरी, बीरगावात, रोज सकाळी वंदना होत असे. त्याची बायको सरिता अगरबत्ती लावायची आणि दोघं हात जोडून पंचशील म्हणायची. दुसऱ्या दिवशी हरिदास तीन शीलं म्हणून थांबला. चौथं खोटं न बोलण्याचं. सरिताने एकटीने ते पुरं केलं, पाचवंही म्हटलं, आणि मग त्याच्याकडे वळली.

"काहून थांबले?"

"खोकला आला."

"मले तर नाही आला ऐकू," ती म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

मार्चच्या मध्यावर अहवाल आला. साफ. अनिमेषने सगळ्यांना पेढे दिले. मागच्या एकांड्या तबेल्यात ठेवलेली सफीना परत इतर घोड्यांमध्ये आली. नूरीला पुन्हा नूरी म्हणू लागले. हरिदासनेही एक पेढा खाल्ला. त्याने मनाशी ठरवून टाकलं की लॅबचीच चूक होती. पहिल्या वेळी काहीतरी घोटाळा झाला असणार.

मार्चच्या शेवटी सफीनाची डावी नाकपुडी ओली राहू लागली. "धूळ आहे," तो राकेशला म्हणाला. राकेशने फडक्याने नाक पुसलं. हरिदासने त्याला हात साबणाने धुवायला लावले आणि का ते सांगितलं नाही.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी फार्मवर नागपूरहून नालबंद यायचा. आसपास दुसरा नव्हता, म्हणून लग्नाच्या घोड्या ठेवणारे लोकही आपापली जनावरं घेऊन तिथे यायचे. शेठजींनीच ती मुभा दिली होती. त्यात बीरगावची शांताबाई असायची. तिचा नवरा स्टेशनवर टांगा हाकायचा. टांगे बंद पडले, नवरा गेला, आणि तिच्याजवळ मोंगरा नावाची एक पांढरी घोडी उरली. वरातीत नवरदेव बसवायचा, बँडच्या मागून चालायचं, एवढ्यावर शांताबाईने मुलीला बी.ए.पर्यंत शिकवलं होतं. मोंगराच्या गळ्याखाली देवमण होता. तो भोवरा शुभ मानतात, म्हणून लग्नघरची माणसं तिलाच मागायची. हरिदासच्या घरापासून तिसरं घर शांताबाईचं.

त्या रविवारी ऊन फार होतं. मोंगरा तासभर चालून आली होती. तिच्या पायांना नाल ठोकून झाले आणि शांताबाईने तिला अंगणातल्या हौदावर नेलं. सफीना नुकतीच तिथून पाणी पिऊन गेली होती. हरिदास दहा पावलांवर उभा होता. त्याच्या तोंडापर्यंत शब्द आले. पण थांब म्हटलं तर का म्हणून सांगावं लागलं असतं, आणि का ते सांगितलं तर सगळंच सांगावं लागलं असतं. मोंगराने मान खाली घातली. तिच्या गळ्याखालून एकेक घोट सरकताना त्याला दिसत होता.

"रामराम, हरिदासभाऊ," शांताबाई म्हणाली. "सरितावैनीले म्हणा, अक्तीच्या लग्नात भेटू."

"हव," तो म्हणाला.

अक्तीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, छत्तीसगडात गावोगाव लग्नं होतात. शांताबाईकडे त्या एका आठवड्यात नऊ वराती होत्या. त्याला आठ दिवस उरले असताना ती सकाळीच हरिदासच्या दारात आली.

"भाऊ, जरा पाहून देता का? मोंगरा दोन रोजापासून खाऊन नाही राहिली. नाकातून वाहून राहिलं."

हरिदास गेला. घोडी भिंतीशी मान खाली घालून उभी होती. नाकपुडीच्या कडेला पिवळा, चिकट स्राव सुकला होता, आत घाव दिसत होता. मागच्या पायाच्या आतल्या अंगाला कातडीखाली गाठी, माळेत मणी ओवावेत तशा. शांताबाईने नाक पुसायला पदर पुढे केला.

"हात नका लावू!" हरिदास ओरडला. इतक्या जोरात की तिची मुलगी आतून धावत आली.

"काय झालं?"

"हात धुवा पहिले. दोघी जणी. साबणानं. हा पदर बाजूले काढून ठेवा." मग तो ओट्यावर बसला. "बाई, हा खराब रोग आहे. आमच्या सफीनाले होता. तिच्यापासून लागला."

"पण तिचा रिपोट तर साफ आला होता. तुम्ही पेढे वाटले."

"ते रक्त तिचं नव्हतं. तिच्या बहिणीचं होतं. डॉक्टरनं मले विचारलं, मी खोटं सांगितलं."

शांताबाईने रडारड केली नाही. आठवून आठवून, एकेक शब्द ठेवावा तसं ती म्हणाली, "त्या रोजी मोंगरा हौदावर पाणी पीत होती. तुम्ही तिथंच होते."

"होतो."

"तुमाले माहीत होतं?"

"माहीत होतं, पण मानून नव्हतो राहिलो. बोललो नाही मी, बाई."

"जा," ती म्हणाली. "माह्या घरून जा."

तो घरी गेला आणि सरिताला सगळं सांगितलं. सरिता तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं.

"मंग आता इथं बसून काय करून राहिले?" ती म्हणाली. "जा न डॉक्टरकडं."

डॉक्टर क्षमा त्या दिवशी नवा रायपूरच्या मुख्य कार्यालयात होत्या. हरिदासने फार्मवरून वही उचलली, कपड्यात गुंडाळली आणि बस पकडली. नवा रायपूरच्या त्या रुंद, रिकाम्या रस्त्यावर उतरून तो भर उन्हात दोन किलोमीटर चालला.

डॉक्टरांनी त्याचं ऐकून घेतलं. मग उठून खिडकीपाशी गेल्या. परत येऊन खुर्चीत बसल्या.

"महिना झाला, काका. एक महिना! तो सईस रोज तिला हात लावतो. त्या बाई, त्यांची मुलगी. आणखी किती घोडे आले त्या रविवारी?"

"सात. नावं लिहून आणली आहेत."

"मी तुम्हाला विचारलं होतं."

"हव. विचारलं होतं."

"आणि मी बट उचलून पाहिली नाही," त्या हळूच म्हणाल्या. मग कोरा कागद त्याच्याकडे सरकवला. "सगळं तुमच्या अक्षरात लिहा. अनिमेषचं नावही लिहावं लागेल. तुमच्यावर केस होऊ शकते, माहीत आहे ना?"

हरिदासने लिहिलं. लिहिताना अनिमेषच्या नावाशी तो थांबला, शेठजींचा चेहरा डोळ्यांपुढे आला, तरी त्याने नाव लिहिलं. खाली सही केली.

दुसऱ्या दिवसापासून बीरगाव आणि आसपासच्या गावांत घोड्यांना बाहेर काढायला बंदी आली. अक्तीचे नवरदेव यंदा जीपमधून गेले. राकेश, शांताबाई, तिची मुलगी, हरिदास स्वतः, सगळ्यांची रक्तं तपासली. ते दिवस हरिदासने कसे काढले ते सरितालाच ठाऊक. राकेशला मध्ये दोन दिवस ताप आला तेव्हा हरिदास इस्पितळाच्या पायऱ्यांवरून हलला नाही. ताप साधा निघाला. चौघांची रक्तंही साफ निघाली.

सफीना आणि मोंगरा दोघींचे अहवाल मात्र पुन्हा पुन्हा पॉझिटिव्हच आले.

मग एका सकाळी फार्मच्या मागच्या पडीत शेतात जेसीबीने दोन खड्डे खणले. बीरगावच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, घराला घर लागलेलं, तिथे खड्डा शक्य नव्हता, म्हणून मोंगराला बंद गाडीतून इथे आणलं. शांताबाई सोबत आली होती. अनिमेष कुंपणाशी उभा होता. हरिदास त्याच्यासमोरून जाताना तो म्हणाला, "काका, बाबूजी की घोड़ी मार दी आपने."

"भैया, आपण दोघांनी," हरिदास म्हणाला. "अन तिच्यासंगं दुसऱ्याचीही."

अनिमेषने तोंड फिरवलं.

मोंगरा आधी. शांताबाईला हातमोजे दिले होते. तिने घोडीची मान धरली, कानाशी काहीतरी पुटपुटत राहिली, आणि घोडी खाली बसेपर्यंत सोडली नाही.

सफीना मात्र कोणाच्या हाती उभी राहीना. झगे आणि मास्क घातलेल्या माणसांना बुजून ती मागे सरत होती. शेवटी डॉक्टरांनी हरिदासला बोलावलं. त्याचंही तोंड झाकलेलं होतं, पण आवाज तिने ओळखला आणि ती थांबली. त्याने दोर धरला. तिच्या कुशीत एकदा आतून काहीतरी हललं, कातडीवर उंचवटा आला आणि गेला.

"पोटातलं?" त्याने विचारलं.

डॉक्टरांनी मान हलवली. "नाही, काका. नाही वाचवता येत."

त्याने तिची बट बाजूला सारली, म्हणजे डोळ्यांवर येऊ नये. पहिलं इंजेक्शन झोपेचं होतं. ती गुडघ्यांवर आली तेव्हा तोही खाली बसला. डॉक्टर दुसरी सुई भरत होत्या आणि त्यांच्या चष्म्यावर वाफ साचली होती. मग सफीनाचा श्वास लांबला, आणखी लांबला, आणि थांबला.

फार्मला टाळं लागलं नाही, पण सगळे घोडे तीन महिने निगराणीखाली राहिले. नूरीसकट बाकीचे वाचले. हरिदासची नोकरी गेली. केस उभी राहिली, तारखा पडू लागल्या. तो प्रत्येक तारखेला गेला आणि विचारलं तेवढं खरं सांगत राहिला. अनिमेषच्या वकिलाने त्याला म्हातारपणी डोकं फिरलेला ठरवायचा प्रयत्न केला. शांताबाई उरला औद्योगिक भागातल्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायला लागली. तिची मुलगी हरिदासच्या घरासमोरून जाताना पलीकडच्या बाजूने चालायची.

जूनमध्ये डॉक्टर क्षमांचं पथक बीरगावात परत आलं, कारण त्या रविवारच्या सात घोड्यांपैकी एक अजून तपासायचा राहिला होता. तो शिशिर नावाच्या बँडवाल्याचा होता. त्याने घोडा कोणाच्या तरी आवारात लपवला होता. रक्त दिलं की सरकार घोडा मारून टाकतं, असं सगळ्या पाऱ्यात पसरलं होतं. डॉक्टर समजावून थकल्या. हरिदासला कोणी बोलावलं नव्हतं, तरी तो गेला.

"दे रक्त, शिशिर," तो म्हणाला. "मी लपवलं, त्याचं काय झालं तू पाह्यलंस."

"आपकी बात कौन मानेगा, काका?" शिशिर सगळ्यांसमोर म्हणाला. "आपने ही तो झूठ बोला था."

भोवती जमलेल्यांपैकी दोघं-तिघं हसले. हरिदास तसाच उभा राहिला, गेला नाही.

शांताबाई कँटीनमधून परत येत होती. हातात डबा. गर्दी पाहून ती थांबली, काय चाललंय ते ऐकलं आणि पुढे आली. हरिदासकडे तिने पाहिलं नाही.

"शिशिर," ती म्हणाली, "माह्या मोंगराच्या नाकातलं मी या हातानं पुसलं. घरात पोरगी होती. तुह्या घरी दोन लेकरं आहेत. आण घोडा."

शिशिर गल्लीत शिरला आणि एका बंद फाटकाची कडी काढण्याचा आवाज आला. डॉक्टर क्षमांनी हातमोजे चढवले. शांताबाई आपल्या घराकडे वळली होती.

"बाई," हरिदास म्हणाला.

ती थांबली, पण मागे वळली नाही. क्षणभर वाट पाहून ती चालू लागली.